सांडा, सारा आणि ‘प्रजाती’चा घोळ

ठाणे स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडलं की फुटपाथवर एक माणूस गोणपाट अंथरून बसलेला असायचा. पुढ्यात स्टोव्ह, त्यावर काळी पडलेली लहानशी कढई, औषधाच्या जुन्या बाटल्यांची रांग आणि गोणपाटावर पोट टेकून पडलेले पाच-सहा सरडे. मातकट अंग, बसकं तोंड, मांडीच्या पुढच्या बाजूला काळा डाग आणि जाड शेपटीवर काट्यांची कडी. शाळेतून येताना आम्ही त्यांना मगरीची पिल्लं समजायचो. बांधलेले नसूनही ते पळत कसे नाहीत, याचं मला फार नवल वाटायचं. पकडल्यावर त्यांचा कणाच मोडून टाकतात, हे कळायला कॉलेज उजाडलं. ‘सांडे का असली तेल’ ते हेच. सांड म्हणजे वळू, त्यामुळे जाहिरात नावातच झालेली. एरवी ती चरबी म्हणजे चरबीच, तिच्यात वेगळं काही नाही.

आता तो माणूस तिथे नाही. पण त्या गोणपाटावरच्या सरड्याचं, म्हणजे सांड्याचं, शास्त्रीय नाव मधल्या काळात बदललं, आणि येऊरला जमणाऱ्या आमच्या निसर्गगटात वाळवंटी सरड्यांवर फलक करायचं ठरलं तेव्हा त्या नावावरून दोन रविवार वाद झाला. जुनी पुस्तकं ‘युरोमॅस्टिक्स हार्डविकी’ म्हणतात, नवी ‘सारा हार्डविकी’. एकाने विचारलं, “म्हणजे प्रजाती बदलली का?” वादाचं मूळ या प्रश्नातल्या शब्दात होतं. त्याकडे येतोच, आधी थोडं मागचं.

द्विनाम पद्धत, म्हणजे पहिला शब्द वरच्या कप्प्याचा आणि दुसरा त्यातल्या जातीचा, सगळ्यांना माहीत आहे, ती सोडून देतो. वाळवंटी सरड्यांच्या नामकरणाची सुरुवात एका दुर्दैवी मोहिमेपासून धरता येते. अठराव्या शतकात अरबस्तानात गेलेल्या डॅनिश मोहिमेतला निसर्गअभ्यासक १७६३ साली येमेनमध्ये तापाने गेला. बाकीचेही एकेक करून गेले. जिवंत परतला तो एकटा नकाशे करणारा, आणि त्याने मृत सहकाऱ्याची टिपणं १७७५ साली छापली. इजिप्तच्या मोठ्या काटेशेपट्या सरड्याचं नाव त्या टिपणांतून आलं. पुढे १८२० मध्ये अशा सरड्यांसाठी ‘युरोमॅस्टिक्स’ हे नाव ग्रीकमधून बांधलं गेलं. अर्थ, चाबकासारखी शेपटी. आपल्या सांड्याला १८२७ मध्ये नाव मिळालं ते बंगालच्या सैन्यातल्या एका मेजर जनरलवरून. लढाया सांभाळून भारतातल्या प्राण्यांचे नमुने आणि चित्रं जमवण्याचा त्याला नाद होता. नाव देणारा गृहस्थ लंडनच्या संग्रहालयातला. त्यानेच १८४५ साली सरड्यांची मोठी यादी करताना सांड्यासाठी वेगळा कप्पा केला आणि त्याला ‘सारा’ म्हटलं. आपल्या शेतसाऱ्याशी याचा संबंध नाही, हे फलकावर लिहावं अशी एक सूचना आली होती.

तो कप्पा कुणी वापरला नाही. ब्रिटिश भारताच्या सरपटणाऱ्या प्राण्यांवरचे १८९० आणि १९३५ चे जाड ग्रंथ उघडले तर सांडा सरळ युरोमॅस्टिक्समध्येच आहे, तेही वेगळ्या स्पेलिंगने, ‘वाय’च्या जागी ‘आय’ घालून. त्यात या शब्दाच्या लिंगाचाही गोंधळ. ग्रीकमधला शब्द स्त्रीलिंगी, म्हणून जोडीचं विशेषणही स्त्रीलिंगी हवं, असा आग्रह नंतर धरला गेला आणि ‘ईजिप्टियस’चं ‘ईजिप्टिया’ झालं, ‘ऑर्नाटस’चं ‘ऑर्नाटा’. जुनं पुस्तक आणि नवं पुस्तक शेजारी ठेवून वाचणाऱ्याला हे दोन प्राणी वाटले तर त्याचा दोष नाही.

विसाव्या शतकात उपजातींचा, म्हणजे एकाच जातीतल्या पोटगटांचा, सुकाळ झाला. वाळवंटात ते साहजिकही आहे. मधे डोंगर किंवा वाळूचा पट्टा आला की अलीकडचे सरडे पलीकडे जात नाहीत, थोडे वेगळे दिसू लागतात, आणि गोळा करणाऱ्याला वाटतं आपल्याला नवं काही मिळालं. त्यात रंगावर भरवसा नाही. काटेशेपटे सरडे सकाळी बिळातून निघतात तेव्हा काळपट असतात, ऊन खाऊन तापले की फिके होतात. बरणीतल्या स्पिरिटमध्ये तर रंग उतरूनच जातो. म्हणून संग्रहालयातला माणूस खवले मोजतो. अंगाच्या मध्यावर एका फेऱ्यात किती, पोटावर किती, शेपटीवर काट्यांची कडी किती, मांडीखाली छिद्रं किती. दिवसभर भिंगाखाली हेच काम. अरबस्तानातल्या एका उपजातीचं ‘मायक्रोलेपिस’ हे नावच ‘बारीक खवल्यांची’ या अर्थाचं आहे.

किती फरक असला म्हणजे उपजात? १९४९ मध्ये यावर एक हिशेब मांडला गेला. एका भागातले शंभरातले पंचाहत्तर प्राणी दुसऱ्या भागातल्या जवळजवळ सगळ्यांपासून वेगळे ओळखता आले तर उपजात म्हणा, नाहीतर सोडा. चारच वर्षांनी, १९५३ मध्ये, दोन अमेरिकी अभ्यासकांनी उपजात या कल्पनेवरच हल्ला चढवला. त्यांचं म्हणणं असं की खवल्यांची संख्या एका दिशेने बदलते, रंग दुसऱ्या आणि आकार तिसऱ्या. मग यातलं कुठलं लक्षण धरून रेघ मारायची? हा प्रश्न आजही जुना झालेला नाही. पक्ष्यांमध्ये उपजाती टिकून आहेत. सरड्यांमध्ये मात्र गेल्या तीस-चाळीस वर्षांत त्यांची ओढाताणच जास्त झाली.

उदाहरणं पाहिजे तेवढी आहेत. संयुक्त अरब अमिराती आणि उत्तर ओमानमधला ‘लेप्टिएनी’ २००० साली स्वतंत्र जात म्हणून मांडला गेला आणि दहा वर्षांच्या आत इजिप्तच्या सरड्याची उपजात होऊन बसला. मालीतला काळा-पिवळा सरडा १९९६ मध्ये जात होता, २००१ मध्ये सहाराच्या ‘डिस्पार’ची उपजात झाला. उलट प्रवासही आहे. ‘नायग्रिव्हेंट्रिस’ आधी उपजात होता, मग जात झाला. तांबड्या समुद्राकाठचा रंगीत ‘ऑर्नाटा’ही बराच काळ दुसऱ्याच्या घरात उपजात म्हणून राहिला होता. आपल्याकडचंही एक उदाहरण घ्यावं लागेल. महाराष्ट्र-गुजरातच्या कोरड्या माळांवर बिबट्यासारख्या ठिपक्यांची जी लेपर्ड गेको सापडते, ती अफगाणिस्तान-पाकिस्तानकडच्या लेपर्ड गेकोची उपजात म्हणून नोंदली गेली होती. आज ती स्वतंत्र जात आहे. प्राणी तोच, दगडाखाली तसाच बसलेला.

थरच्या वाळूतल्या एका सरड्याचं नाव मात्र इथे घ्यायलाच हवं. १९७१ च्या लढाईमुळे लोंगेवाला घराघरात माहीत झालं; त्याच परिसरातल्या टेकड्यांवरून १९७८ मध्ये बेडूकतोंड्या सरड्याची नवी जात वर्णन केली गेली आणि तिला गावाचंच नाव दिलं गेलं. पुढे तिच्यासाठी ‘ब्युफोनिसेप्स’ असा वेगळा कप्पा केला गेला. त्या कप्प्यात ती एकटीच आहे. यावर कुणी भांडलं नाही, कारण आपल्याकडे तिला ओळखणारे फार कमी.

सांड्याचं तसं नाही. २००९ मध्ये जर्मनीतून आलेल्या एका निबंधात पाच अभ्यासकांनी १८४५ चा तो कप्पा, म्हणजे ‘सारा’, कपाटातून बाहेर काढला. १६४ वर्षं धूळ खात पडलेलं नाव पुन्हा चालू झालं. त्यात तीन जाती बसवल्या: भारत-पाकिस्तानचा सांडा, इराण ते पाकिस्तान पट्ट्यातला ‘अस्मुसी’, आणि इराक-इराणमधला ‘लोरिकाटा’. आफ्रिका आणि अरबस्तानातल्या पंधराएक जाती युरोमॅस्टिक्समध्ये राहिल्या. कारणं दोन दिली होती. एक, डीएनएच्या वंशवृक्षात पूर्वेकडच्या या तिघांची फांदी बाकीच्यांपासून खालीच वेगळी होते. दोन, शेपटी. या तिघांच्या शेपटीवर काट्यांच्या एका कड्यानंतर लगेच दुसरं कडं येत नाही. मधे लहान, सपाट खवल्यांच्या ओळी असतात. युरोमॅस्टिक्समध्ये कड्याला कडं भिडलेलं.

हा निर्णय मला अजून पूर्ण पटलेला नाही, आणि का ते सांगतो. वर्गीकरणात एखादा गट फोडावाच लागतो तो कधी, तर त्यात परके घुसलेले असतात तेव्हा. उदाहरणार्थ, एका कप्प्यातला एखादा प्राणी वंशवृक्षात शेजारच्या कप्प्याच्या जास्त जवळचा निघाला तर मोडतोड करण्याशिवाय इलाज नसतो. इथे तसं काहीच नव्हतं. पूर्वेकडचे तिघे आणि पश्चिमेकडचे पंधरा हे सगळे मिळून एकाच बुंध्याचे. एकत्र ठेवले असते तरी गट निर्दोष होता, वेगळे केले तरी दोन्ही गट निर्दोष. म्हणजे प्रश्न योग्य-अयोग्याचा नव्हता, आवडीचा होता. भाऊ वेगळे राहू लागले म्हणून सातबारा फोडलाच पाहिजे असं नाही. दुसरी बाजू अशी की फाटा खूप जुना आहे, शेपटीची खूण डोळ्याला दिसणारी आहे, आणि नाव नवीन बनवावं लागत नाही, आयतं पडून आहे. जगभरच्या याद्यांनी हीच बाजू उचलली. आज ‘सारा’ नको म्हणणारा मी आणि माझ्यासारखे चार हेकट लोक.

आता तो शब्द. आपल्या शालेय विज्ञानाच्या पुस्तकात वर्गीकरणाची उतरंड अशी येते: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. माणसाचं उदाहरण दिलेलं असतं, प्रजाती होमो, जाती सेपियन्स. म्हणजे मराठीत प्रजाती हा वरचा कप्पा, जाती हा खालचा. हिंदीत नेमकं उलटं. तिथे वरच्या कप्प्याला वंश आणि खालच्याला प्रजाति म्हणतात. मराठी वृत्तपत्रांत प्राण्यांच्या बातम्या बऱ्याचदा हिंदी किंवा इंग्रजी मजकुरावरून घाईत उतरवलेल्या असतात, आणि तिथून हिंदीतली प्रजाति ऱ्हस्वाची दीर्घ होऊन आपल्या मथळ्यात बसते. ‘सह्याद्रीत पालीची नवी प्रजाती’ या मथळ्याचा शाळेच्या पुस्तकाप्रमाणे अर्थ घेतला तर प्रत्येक बातमी भूकंपासारखी वाटायला हवी. अभ्यासकाने सापडवलेली असते एक जात.

सांड्याच्या बाबतीत या घोळाचं टोक गाठलं जातं. २००९ मध्ये त्याची मराठी अर्थाने प्रजाती बदलली, युरोमॅस्टिक्सची सारा झाली. जाती ‘हार्डविकी’ होती तशीच राहिली. हिंदी अर्थाने वाचणारा समजतो की प्राणीच दुसरा निघाला. आमच्या गटातला तो प्रश्न नेमका इथूनच आला होता, आणि ‘हो’ आणि ‘नाही’ ही दोन्ही उत्तरं बरोबर होती. मराठीत लिहिणारे ‘जाती’ का टाळतात याबद्दल माझा एक संशय आहे. ‘जात’ म्हटलं की आपल्याला तहसील कचेरी आठवते. ‘उपजात’ लिहिताना हात अडखळतो, ‘पोटजात’ तर नकोच वाटतं. मग ‘प्रजाती’ आणि ‘उपप्रजाती’ हे शब्द सोवळे वाटू लागतात. एका मित्राने माझ्या टिपणाच्या समासात लिहिलं होतं, ‘सांड्याची जात पडताळणी’. मी मात्र शाळेच्या पुस्तकाला धरून राहिलो आहे. शब्द बदलायचाच असेल तर पुस्तकात बदला. दोन्ही अर्थ एकाच वेळी चालू ठेवणं म्हणजे मापात मण आणि किलो मिसळणं.

हे सगळं घरगुती भांडण म्हणून सोडून दिलं असतं, पण नावं कायद्यातही असतात. सायटीस या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराने १९७७ मध्ये युरोमॅस्टिक्स ही अख्खी प्रजाती परिशिष्ट दोनमध्ये घातली होती. सारा फुटून निघाली, तेव्हा संरक्षणातून निसटू नये म्हणून तिचं नाव वेगळं लिहावं लागलं. आज दोन्ही नावं परिशिष्टात आहेत. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीतही सांडा ‘युरोमॅस्टिक्स हार्डविकी’ म्हणूनच शिरला होता. प्राण्याचं नाव पुस्तकात एक आणि कायद्यात एक, अशी वर्षं मधे गेली. कढई घेऊन बसणाऱ्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं, पण वकिलाला असा फट असलेला दरवाजा आवडतो.

घोरपडीच्या बाबतीत कायद्याने शहाणपणाचं काम केलं आहे. वाळवंटी घोरपडीच्या तीन उपजाती मानतात, आणि आपल्या बाजूची उपजात १९५४ मध्ये वर्णन झाली. फरक अंगावरच्या पट्ट्यांचा आणि शेपटीच्या आकाराचा. पण सायटीसच्या परिशिष्ट एकमध्ये आणि आपल्या कायद्यात नोंद आहे ती सरळ जातीची. उपजातींचं काहीही होवो, संरक्षण हलत नाही. येऊरच्या जंगलात दिसते ती घोरपड वेगळ्या जातीची, पण व्यापाऱ्याला तेवढा फरक कशाला हवा? ‘हत्ता जोडी’ म्हणून पूजेच्या साहित्यात आणि ऑनलाइन विकली जाणारी ‘मुळी’ म्हणजे घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय असल्याचं २०१७ मध्ये गाजलं होतं. तिथे जात-उपजात ठरवायला खवलेसुद्धा शिल्लक नसतात, डीएनए करावा लागतो.

अलीकडच्या घडामोडींनी मात्र सरड्यांची नावं थेट आपल्या घरात आणली. जून २०२० मध्ये केंद्राने परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना ते स्वतःहून जाहीर करायला सांगितलं. २०२२ च्या दुरुस्तीत कायद्याच्या सहा अनुसूच्यांच्या चार झाल्या आणि चौथी खास सायटीसमधल्या प्राण्यांसाठी ठेवली गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचे नियम आले. अर्जात शास्त्रीय नाव लागतं.

खारघरच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी तेव्हा मला बोलावलं. सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये काचेची पेटी, तळाला वाळू, वर दिवा, एका कोपऱ्यात चिरलेली भाजी आणि दिव्याखाली चपटा पसरलेला सरडा. मुलासाठी काही वर्षांपूर्वी घेतलेला. दुकानदाराच्या पावतीवर पेनाने फक्त ‘माली युरो’ लिहिलेलं. मालीचा नर काळा-पिवळा, ओळखायला सोपा. पण मादी आणि पिल्लू मळकट असतात, आणि हा प्राणी मळकट होता. सांड्यासारखाच. गृहस्थांनी इंटरनेटवर सांड्याचे फोटो पाहिले होते आणि त्यांचा घसा कोरडा पडला होता. कारण माली असेल तर नोंदणीचा अर्ज, सांडा असेल तर देशी संरक्षित प्राणी घरात ठेवल्याचा गुन्हा.

मी मोबाइलचा दिवा शेपटीच्या बुडाशी तिरका धरला आणि भिंग लावलं. काट्यांचं एक कडं, त्याला टेकून दुसरं, त्याला टेकून तिसरं. मधे एकही सपाट ओळ नाही. मग मांडी पाहिली; काळा डाग नव्हता. पावतीवरचं नाव नाही तरी निदान पावतीचा अर्धा भाग खरा होता. ज्या खुणेवरून प्रजाती फोडायला मी पंधरा वर्षं नाकं मुरडत होतो, तीच खूण त्या संध्याकाळी कामाला आली, हे मी गृहस्थांना सांगितलं नाही. सांगितलं एवढंच की चहा ठेवा.

अर्जात काय लिहायचं यावर आणखी अर्धा तास गेला. १९९६ ची जात लिहायची की २००१ नंतरची उपजात? मालीची मादी आहे हे मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतो. ‘डिस्पार’ गटातली आहे एवढं म्हणता येत होतं. शेवटी दोनच शब्द लिहिले, ‘युरोमॅस्टिक्स डिस्पार’, उपजातीचा तिसरा लिहिला नाही. मुलाने पेटीवर चिकटवलेल्या कागदावर तिचं नाव ‘गुंडी’ होतं.

येऊरच्या फलकाचं कामही त्याच महिन्यात उरकलं. वर मोठ्या अक्षरांत ‘सांडा’, खाली शेपटीचं चित्र, त्यात कड्यांमधल्या सपाट ओळी पिवळ्या रंगात काढून घेतल्या. मजकुरात ‘प्रजाती: सारा, जाती: हार्डविकी’ असं, पुस्तकाप्रमाणे. ही ओळ पेंटरने सबंध फलकावर रंगवायला घेतली होती. मी त्याला थांबवलं आणि ती वेगळ्या पट्टीवर लिहून चार स्क्रूंनी बसवायला लावली. त्याने पट्टीचे साठ रुपये जास्त लावले.